तराजूकडून मोजपट्टीकडे : कंबरेच्या मापाचा इतिहास

गोव्यातील आणि कोकणातील कित्येक देवळांत आजही तुलाभाराचा नवस फेडला जातो. सभामंडपात मोठा तराजू टांगतात. एका पारड्यात नवसाचे माणूस बसते आणि दुसऱ्या पारड्यात गूळ, साखर, नारळ किंवा केळ्यांचे घड चढत जातात. काटा स्थिर झाला की जमलेली मंडळी हात जोडतात. ही रीत जुनी आहे. १६७४ साली रायगडावर शिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला, तेव्हा त्यांचीही सुवर्णतुला करण्यात आली होती. देहाचा भार देवास किंवा दानास अर्पण करणे, हा या विधीचा भावार्थ. आणि त्या कामी तराजूसारखे प्रामाणिक साधन दुसरे नाही.

परंतु हा प्रामाणिक तराजू एका बाबतीत अगदी मुका असतो. भार किती हे तो सांगतो. तो भार देहात कोठे साठला आहे हे सांगत नाही. एकाच वजनाच्या गुळाने दोन गृहस्थ तोलले गेले, त्यांतील एकाचा भार दंडांत आणि मांड्यांत असेल, दुसऱ्याचा पोटावर असेल, तरी काटा दोघांना सारखाच न्याय देईल. शरीर मात्र तसा न्याय देत नाही. ही साधी गोष्ट ध्यानात यावयास पश्चिमेकडील वैद्यकाला दीडशे वर्षे लागली; आणि ध्यानात आल्यावर जे आकडे त्याने ठरविले, ते आपल्या देहांस जसेच्या तसे लागू पडत नाहीत हे कळावयास आणखी काही वर्षे गेली. तो इतिहास आम्ही येथे थोडक्यात सांगणार आहोत. तो दूरच्या देशांचा वाटला तरी त्याचे शेवटचे प्रकरण पुण्याजवळच्या खेड्यांत आणि गोव्याच्या घराघरांत लिहिले जात आहे.

आरंभ आपल्याकडील जुन्या वैद्यकापासून करणे उचित होईल. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात आठ प्रकारच्या निंदित शरीरांची गणना आहे. फार उंच व फार ठेंगणा, फार केसाळ व मुळीच केस नसलेला, फार काळा व फार गोरा यांच्या जोडीला अतिस्थूल आणि अतिकृश असे दोघे येतात, आणि ग्रंथकार सविस्तर विचार करतो तो या शेवटच्या दोघांचाच. अतिस्थूलाचे वर्णन करताना त्याने वजनाचा उल्लेख केलेला नाही. मेद आणि मांस वाढल्यामुळे ज्याचे नितंब, उदर आणि स्तन हालताना थरथरतात तो अतिस्थूल, असे लक्षण दिले आहे. स्थूलतेचे जे आठ दोष सांगितले आहेत, त्यांत पहिला मान आयुष्य घटण्याला आहे. स्थूल आणि कृश यांत कृश बरा, असाही त्याचा निर्णय आहे.

याच संहितेच्या विमानस्थानात रोग्याची परीक्षा कशी करावी हे सांगताना प्रमाणपरीक्षा येते. तेथे अवयवांची मापे अंगुळांत दिली आहेत. विशेष हे की ती अंगुळे वैद्याची नव्हेत, ज्याचे माप घ्यावयाचे त्या माणसाची स्वतःची. ठेंगण्याचे अंगुळ लहान, उंचाचे मोठे; म्हणून प्रत्येक देह स्वतःच्याच मापाने मोजला जातो. यावरून आधुनिक शोध आपल्या पूर्वजांना आधीच ठाऊक होते असा दावा आम्ही करीत नाही. तसल्या दाव्यांनी ना पूर्वजांचा मान वाढत, ना आपले ज्ञान. तथापि ज्याचे माप त्याच्याच अंगुळाने घ्यावे, हा विचार वाचकांनी मनात ठेवावा. लेखाच्या शेवटी त्याची पुन्हा गाठ पडेल.

मधल्या काळात आपल्या लोकव्यवहाराने मात्र पोटाकडे वेगळ्याच दृष्टीने पाहिले. सुटलेले पोट हे सुखवस्तूपणाचे चिन्ह ठरले. लग्नानंतर जावई अंगाने भरला म्हणजे सासूरवाडीस धन्यता वाटे. दुष्काळ आणि साथी ज्या समाजाने वारंवार पाहिल्या, त्याला भरल्या अंगाचे कौतुक वाटावे यात नवल नाही. शिवाय आपला पेहरावही उदार. धोतराचा काचा, नऊवारीची गाठ किंवा लेंग्याची नाडी पोटाप्रमाणे सैल होते आणि तक्रार करीत नाही. विजारीचा पट्टा नव्या भोकाची मागणी करतो, तशी मागणी धोतराने कधी केली नाही. कोणी फारच टोकले तर थट्टेने लंबोदराचा दाखला देण्यात येतो. पण ज्या उदरात ब्रह्मांड सामावते असे आपण मानतो, त्याचा आधार आपल्या पोटासाठी घेणे भक्तीलाही शोभत नाही आणि विचारालाही.

आता युरोपाकडे वळू. ब्रुसेल्स येथे वेधशाळा उभारणारे बेल्जियन ज्योतिर्विद आणि संख्याशास्त्रज्ञ अडॉल्फ केटेले यांनी १८३५ साली मनुष्यावरील आपला प्रसिद्ध ग्रंथ प्रकाशित केला. ग्रहताऱ्यांच्या वेधांतील चुका जशा एका मध्याभोवती पसरतात, तशीच माणसांची मापेही पसरतात काय, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांना सरासरी माणूस शोधावयाचा होता. रोगी शोधावयाचा नव्हता. या शोधात त्यांना असे आढळले की प्रौढ माणसांचे वजन साधारणतः उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. वजनाला उंचीच्या वर्गाने भागण्याची जी रीत आज दवाखान्यादवाखान्यांतून चालते, तिचा उगम असा एका ज्योतिर्विदाच्या वहीत आहे.

आरोग्याशी तिची सांगड प्रथम घातली ती वैद्यांनी नव्हे, विमा कंपन्यांनी. ज्याचे आयुष्य कमी भरणार त्याच्याकडून हप्ता अधिक घ्यावयाचा, तर ते आधी ओळखता आले पाहिजे. म्हणून विम्याचे डॉक्टर उंची आणि वजन टिपून घेऊ लागले, आणि त्यांबरोबर छातीचा व पोटाचा घेरही. पट्टा लांबला की आयुष्य आखडते, अशा अर्थाची म्हण इंग्रजीत आहे. अमेरिकेतील मेट्रोपॉलिटन लाइफ या कंपनीने १९४२-४३ साली उंचीनुसार योग्य वजनांचे तक्ते प्रसिद्ध केले आणि १९५९ साली ते सुधारले. हे तक्ते पुढे जगभर दवाखान्यांच्या भिंतींवर लागले. मात्र ते ज्यांच्या नोंदींवरून तयार झाले, ते होते विमा उतरविण्याची ऐपत असलेले अमेरिकन. आपल्याकडे बॉम्बे म्युच्युअल या संस्थेने १८७० साली भारतीयांचे विमे नेहमीच्या दराने उतरविण्यास सुरुवात केली. तत्पूर्वी परदेशी कंपन्या भारतीय जिवासाठी जादा हप्ता मागत. पुढे १९५६ साली आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले. विम्याच्या तपासणीत डॉक्टर पोटाचा घेर मोजतात, हा अनुभव आमच्या अनेक वाचकांना असेल. तो आकडा कागदावर जातो. तो आपल्याशी काय बोलतो हे विचारण्याची आठवण बहुधा कोणाला होत नाही.

१९७२ साली अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ ॲन्सेल कीज यांनी केटेले यांच्या जुन्या गुणोत्तरास बॉडी मास इंडेक्स हे नाव दिले. पाच देशांतील सात हजारांहून अधिक पुरुषांची मापे तपासून, लोकसमूहांच्या तुलनेसाठी हेच गुणोत्तर सोयीचे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्या पाच देशांत भारत नव्हता, आणि मापे सर्व पुरुषांची होती. बीएमआय हा अशा रीतीने तराजूचाच सुधारलेला अवतार ठरला. उंचीचा विचार त्यात आला, पण भार कोठे आहे या प्रश्नाला उत्तर तेव्हाही मिळाले नाही.

ते उत्तर एका फ्रेंच वैद्याने आधीच सुचविले होते. मार्सेय येथील झाँ वाग यांनी १९४७ साली लिहिले की स्थूलता दोन प्रकारची असते : एक पुरुषी वळणाची, जिच्यात मेद धडाच्या वरच्या भागात साचतो, दुसरी स्त्रीसुलभ वळणाची, जिच्यात तो नितंब व मांड्यांवर राहतो. मधुमेह आणि रक्तवाहिन्यांचे विकार पहिल्या प्रकाराच्या मागे लागतात. वाग यांचा लेख पुढे १९५६ साली इंग्रजीतही आला. पण वजनाच्या तक्त्यांचा तो काळ, त्यांच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

लक्ष द्यावे लागले ते स्वीडनमुळे. गोथेनबर्ग या शहरात १९१३ साली जन्मलेल्या ७९२ पुरुषांची ते चोपन्न वर्षांचे असताना तपासणी झाली होती. त्यांच्यावर तेरा वर्षे लक्ष ठेवण्यात आले. कोणाला हृदयविकार झाला, कोणाला पक्षाघात झाला, कोण दगावले, याची नोंद झाली. १९८४ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की नुसत्या वजनावरून या संकटांचे भाकीत नीट करता येत नव्हते. कंबरेचा घेर नितंबांच्या घेराच्या मानाने जितका मोठा, तितका धोका अधिक, हे मात्र दिसत होते. त्याच शहरातील १४६२ स्त्रियांच्या पाहणीतही तेच आढळले. पुढे २००५ साली बावन्न देशांतील सुमारे सत्तावीस हजार लोकांच्या तुलनेत, हृदयविकाराच्या झटक्याशी बीएमआयपेक्षा कंबर व नितंब यांच्या प्रमाणाचे नाते अधिक घट्ट असल्याचे सिद्ध झाले. तराजूच्या शेजारी आता शिंप्याची मोजपट्टी येऊन बसली.

पोटातील मेदच एवढा घातक का? त्वचेखाली चिमटीत धरता येतो तो मेद तुलनेने शांत असतो. पोटाच्या पोकळीत आतड्यांभोवती साचणारा मेद तसा नाही. तो सतत विरघळून मेदाम्ले सोडतो. आतड्यांकडून यकृताकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीतून त्यांतील काही भाग थेट यकृतात उतरतो. यकृतात मेद साठू लागतो, इन्सुलिनचा अंमल शरीरावर नीट चालेनासा होतो, रक्तातील साखर, रक्तातील मेद आणि रक्तदाब ही तिन्ही चढू लागतात. हा मेद दिसत नाही, चिमटीत येत नाही. कंबरेचा घेर वाढतो, एवढीच त्याची बाहेरून मिळणारी सूचना.

मग प्रश्न आला, किती घेर म्हणजे जास्त? १९९५ साली ग्लासगो येथील मायकेल लीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील सुमारे १९०० स्त्रीपुरुषांच्या मापांवरून दोन पायऱ्या ठरविल्या. पुरुषांसाठी ९४ आणि १०२ सेंटिमीटर, स्त्रियांसाठी ८० आणि ८८ सेंटिमीटर. पहिल्या पायरीवर वजन वाढू देऊ नये, दुसरीवर वैद्याचा सल्ला घ्यावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालांतून हे आकडे जगभर गेले. आकडे चांगले होते; पण ते स्कॉटलंडमधील गोऱ्या लोकांचे होते.

ते सर्वांना लागू नाहीत याची चाहूल खुद्द लंडनमध्येच लागली होती. तेथील साउथॉल परिसरातील पाहणीचा अहवाल १९९१ साली आला. भारतीय उपखंडातून आलेल्या मध्यमवयीन लोकांत मधुमेहाचे प्रमाण १९ टक्के होते, तर युरोपीय शेजाऱ्यांत ४ टक्के. दोघांच्या वजनात म्हणावा तसा फरक नव्हता. फरक होता तो पोटाच्या घेरात. २००० साली आशिया-पॅसिफिक प्रदेशासाठी वेगळी मर्यादा सुचविली गेली : पुरुषांना ९० सेंटिमीटर, स्त्रियांना ८०. २००५ साली आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने दक्षिण आशियाई लोकांसाठी तेच आकडे घेतले, आणि २००९ साली भारतीय तज्ज्ञांनी ते मान्य करताना आणखी एक पायरी खाली घातली. पुरुषाची कंबर ७८ आणि स्त्रीची ७२ सेंटिमीटरच्या पुढे गेली की सावध व्हावे, असे त्यांचे म्हणणे. जपानने तर २००८ साली चाळीस ते चौऱ्याहत्तर वयाच्या नागरिकांची कंबर मोजणारी तपासणी देशभर सुरू केली. तेथील मर्यादा पुरुषांना ८५ आणि स्त्रियांना ९०, म्हणजे स्त्रियांची अधिक. एकच मोजपट्टी देशोदेशी निराळे बोलते, याचे याहून ठळक उदाहरण मिळणार नाही.

भारतीय देह असा का, हा प्रश्न पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी धरून ठेवला. १९९३ साली त्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भवती माता आणि त्यांची मुले यांचा अभ्यास सुरू केला. तेथील नवजात बालकांची तुलना इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांशी केली, तेव्हा आपली बाळे सरासरी २.७ किलोची आणि तिकडची ३.५ किलोची भरली. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षातील खरे आश्चर्य पुढे आहे. आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातील अवयव लहान होते, पण खांद्याच्या पात्याखालची चरबी त्या मानाने टिकून होती. दिसावयास रोड, आतून मेदयुक्त, असा हा देह आईच्या पोटातूनच घडत होता. गर्भातील कुपोषणाशी त्याचा संबंध असावा, असे या संशोधकांचे मत आहे. पुढच्याच वर्षी डॉ. याज्ञिक यांनी लंडनचे आपले सहकारी जॉन युडकिन यांच्या शेजारी उभे राहून काढलेले छायाचित्र लॅन्सेट या नियतकालिकात आले. दोघांचाही बीएमआय २२.३ होता. शरीरातील मेद मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के निघाला. तराजूने आणि सूत्राने दोघांना एकच म्हटले होते. देवळातील पारडेही तेच म्हणाले असते.

हे सारे आम्ही येथे का मांडीत आहोत? कारण भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०२३ साली प्रसिद्ध झाला, आणि त्यात मधुमेहाच्या प्रमाणात देशातील पहिला क्रमांक गोव्याचा आला. देशाचे प्रमाण ११.४ टक्के, गोव्याचे २६.४ टक्के. म्हणजे चार प्रौढांमागे एकाहून अधिक. पोटाचा घेर मर्यादेपलीकडे गेलेल्यांचे प्रमाण देशभरात ३९.५ टक्के आढळले. देवळाच्या पंगतीत आपल्या डाव्याउजव्या बाजूस बसलेल्या माणसांकडे पाहिले, तर हे आकडे कागदावरचे राहत नाहीत.

आणि या पंगतीत ज्यांच्याकडे कोणी पाहिलेच नाही, त्या आपल्या घरातील स्त्रिया. पुरुषाचे पोट निदान थट्टेचा तरी विषय होतो. आईची किंवा आजीची कंबर कोणी मोजावी? वैद्य संकोचतो, तीही संकोचते. माप घेतलेच तर लुगड्याच्या गाठीवरून घेतले जाते आणि ते खोटे ठरते. अंगाने हडकुळी म्हणून जिची चिंता कोणी केली नाही, तिचीच साखर एके दिवशी वाढलेली निघते. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्त्रीपुरुषांच्या कंबरेची मापे प्रथमच घेण्यात आली. सरकारच्या पाहणीने जे केले ते घरात करण्यास लाजण्याचे कारण नाही. लेकीने आईचे माप घ्यावे, सुनेने सासूबाईंचे.

माप घेण्याची रीत सोपी आहे. न ताणली जाणारी मोजपट्टी घ्यावी. पाय जुळवून सरळ उभे राहावे. बरगडीचे सर्वांत खालचे टोक आणि कंबरेच्या हाडाची वरची कड बोटांनी चाचपावी, आणि त्या दोहोंच्या मध्यावर पट्टी उघड्या अंगावर आडवी धरावी. श्वास सहज सोडल्यावर आकडा वाचावा. पोट आत ओढू नये. पट्टीला फसविता येते, रोगाला नाही. नव्वद सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ साडेपस्तीस इंच, आणि ऐंशी सेंटिमीटर म्हणजे साडेएकतीस इंच. विजारीचा क्रमांक हे कंबरेचे माप नव्हे. पोट पट्ट्यावरून ओघळले तरी तो क्रमांक वर्षानुवर्षे तोच राहू शकतो. गर्भवतीस हे माप लागू नाही. आणि मर्यादा ओलांडली म्हणजे रोग झाला असे नव्हे, किंवा आत आहे म्हणजे अभय मिळाले असेही नव्हे. ती धोक्याची खूण आहे. ती दिसली की साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावा, एवढाच तिचा निरोप. २०२५ साली जगातील तज्ज्ञांच्या एका आयोगानेही हेच सांगितले की स्थूलता केवळ बीएमआयवरून ठरवू नये, कंबरेसारखे दुसरे माप सोबत घ्यावे.

ज्यांना निरनिराळ्या देशांचे आकडे लक्षात ठेवणे जड जाते, त्यांच्यासाठी आणखी एक साधा नियम पुढे आला आहे. कंबरेचा घेर आपल्या उंचीच्या निम्म्याहून कमी असावा. साडेपाच फूट उंचीच्या माणसाची कंबर तेहतीस इंचांच्या आत. इंग्लंडमधील आरोग्यविषयक मार्गदर्शक संस्थेने २०२२ साली हा नियम स्वीकारला. यासाठी आकड्यांची मोजपट्टीही लागत नाही. आपल्या उंचीएवढी सुतळी घ्यावी, ती मधोमध दुमडावी आणि कंबरेभोवती फिरवावी. टोके जुळली तर ठीक; न जुळली तर विचार करावा. येथे चरकाच्या त्या अंगुळाची आठवण होते. दोन्ही मापे एक नव्हेत. पण प्रत्येक देह त्याच्याच मापाने मोजावा, हे तत्त्व दोहोंत सारखे आहे.

देवस्थानांच्या जत्रांतून अलीकडे रक्तदाब तपासणीची शिबिरे होतात. त्यांच्या मेजावर एक मोजपट्टी ठेवावी आणि पडद्याआड स्त्रियांसाठी एखादी परिचारिका बसवावी, एवढी विनंती आम्ही व्यवस्थापक मंडळींस करतो. महाप्रसादात काटछाट करा असे आम्ही म्हणत नाही. नैवेद्य देवाचा आहे. पानातील मात्रा आपली आहे. तुलाभाराचे पारडे देवळात टांगलेले राहू द्या. त्याच्या शेजारच्या खुंटीला एक सुतळीही असू द्या, म्हणजे नवस फेडून उतरलेल्या माणसाला आपला भार किती याबरोबरच तो कोठे आहे, हेही कळेल.